निम्मं अंतर

हेमलताने पायातली चप्पल काढून फेकली. ती श्रीरंगच्या नाकाकडे निघाली, पण पोचली नाही.

आधी तिने निम्मं अंतर कापलं. मग उरलेल्याचं निम्मं. मग त्याचंही निम्मं. शेवटी नाकापासून बोटभर अंतरावर ती हवेतच थरथरत राहिली.

"बघितलंस?" श्रीरंगने खांद्यावरची पांढरी चादर सारखी केली. "कुठलीच गोष्ट कुठेच पोचत नाही. जुने ग्रीक केव्हाच सांगून गेले. तुझ्या प्रयोगशाळेला अजून पत्ता नाही."

हेमलता प्रयोगशाळेत लांबीची मापं तपासायची. तिने चपलेभोवती हात फिरवला. दोरा नव्हता. ओढून पाहिली. चप्पल मागेही येईना. नवऱ्याचं खरं निघालं होतं, आणि तिचा राग तसूभरही कमी झाला नव्हता.

नोकरी सोडल्यापासून तो या सिद्धांतावर बसून होता. तिच्या ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्यात आला नाही. आज तिची आई पुण्याहून आली. तिला आणायचं त्याने कबूल केलं आणि सोफ्यावरून उठलाच नाही. आई निजामुद्दीन स्टेशनवर दुपारपर्यंत बॅगेवर बसून होती. शेवटी एकटीच टॅक्सी करून गुरुग्रामला आली.

"मग आई कशी पोचली?"

"त्यांना सिद्धांत माहीत नाही."

हेमलताने आपली बॅग उचलली. "आई खाली टॅक्सीतच बसलीय. तुझ्या घरात पाय ठेवायला तयार नाही. मीही तिच्याबरोबर पुण्याला चाललेय. कायमची."

"जाशील कशी? दारापर्यंत आधी निम्मं..."

हेमलता एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, अशी सरळ दारापर्यंत चालत गेली. तिचा सिद्धांतावर विश्वास नव्हता.

श्रीरंगचा चेहरा उतरला. तो तिच्यामागे धावला. निम्म्या खोलीपर्यंत आला. मग उरलेल्याच्या निम्म्यापर्यंत. पाय जिवाच्या आकांताने पळत होते, चादर मागे फडफडत होती, आणि नाकासमोर चप्पल तेवढंच अंतर राखून चालली होती. हेमलतापासून हातभरावर तो अडकला.

"हेमा, हात धर माझा!"

"तूच पोच की. हातभर तर आहे."

तिचा फोन वाजला. खालचा टॅक्सीवाला होता. "मॅडम, जल्दी आइए यार, गार्ड गाडी खडी नहीं करने दे रहा."

"आ रही हूँ, भैया," ती म्हणाली. पण उंबरठ्यावरून हलली नाही. श्रीरंगकडेच बघत राहिली.

ती अजून थांबली आहे, हे श्रीरंगच्या लक्षात आलं. आयुष्यात कुणाला म्हटलं नव्हतं ते तो म्हणाला.

"माझं चुकलं."

फाडकन चप्पल तोंडावर बसली आणि हेमलताच्या पायाशी पडली.

तिने ती पायात घातली.

"एवढ्यासाठीच थांबले होते," ती म्हणाली आणि लिफ्टचं बटण दाबलं.