परतीची गाडी

"लेखकानं तोंड उघडायचं नाही," सुकेशनी मॅडमनी पुन्हा बजावलं आणि चष्म्यावरून थेट व्यंकटरावांकडं पाहिलं.

सगळे हसले. परभणीच्या त्या वाचनमंडळाचा हा एकच कडक नियम. कथा नावाशिवाय टाइप करून वाटायच्या आणि चर्चा संपेपर्यंत लिहिणाऱ्यानं गप्प बसायचं. कोणती कुणाची ते सगळ्यांना माहीत असायचं, पण माहीत नसल्यासारखं करायचं. या रविवारी काळप्रवासाच्या तीन कथा होत्या, आणि त्यांचे तिन्ही लेखक साळसूद चेहऱ्यानं समोर बसलेले.

गप्प बसणं निवृत्त मास्तर व्यंकटरावांना सगळ्यात जड. त्यांच्या थापा गावभर चालायच्या. बायको पाहायला निघालो तर पॅसेंजर पेडगावात अशी रुतली की मी खाली उतरेपर्यंत इंजिन जागचं हलेना, ही थाप तर त्यांनी प्रत्येक लग्नाच्या पंगतीत वाढली होती. "जन्मात एकच मुलगी पाहिली," हे त्या थापेचं ठरलेलं शेवटचं वाक्य. ती मुलगी, म्हणजे विमलाबाई, आज पहिल्यांदाच मंडळात आल्या होत्या. व्यंकटरावांनीच आणलं होतं. लोक आपल्याला काय म्हणतात ते एकदा बायकोनं ऐकावं, एवढीच हौस.

"पहिल्या कथेतला माणूस हरवलेल्या ज्वारीचं बियाणं आणायला शंभर वर्षं मागं जातो," कोर्टातले नागनाथ म्हणाले. "कुण्यातरी कृषी विद्यापीठातल्या बाईचं काम वाटायलंय."

सुकेशनी मॅडम छताकडं पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "दुसरीतला रिक्षावाला निजामाच्या काळात पोचतो अन् पहिल्याच चौकात पकडला जातो. माणसाला असं विनाकारण अडकवायची हौस कोर्टातल्यांनाच असते."

"आता तिसरी," नागनाथांनी घाईनं कागद उलटला. "ही लय गोड हाय. तरुणपणी एकजण परळीच्या गाडीनं गंगाखेडला जातो, तिथून राणीसावरगावला. मुलगी आवडते, पण हा काही बोलत न्हाई. दुसऱ्या दिवशी मामा त्याला जंक्शनवरून उलट्या दिशेच्या गाडीत बसवतो, दुसरी मुलगी पाहायला. पुढं म्हातारपणी तो त्याच जंक्शनवर डुलकी काढतो अन् जागा होतो तो त्या दुसऱ्या दिवशी. तरणाताठा. आता मामाचं ऐकतो कशाला. पुन्हा परळीचीच धरतो अन् चहा यायच्या आत होकार देतो. वहिनी, तुम्ही वाचली का?"

"तिन्ही वाचल्या," विमलाबाई म्हणाल्या.

"मग बोला की. इथं कुणाचीच कथा कुणाची नसते."

विमलाबाईंनी तिन्ही कागद मांडीवर सारखे केले.

"पहिला बियाणं हातात पडलं की परतीची वाट शोधतो. दुसरा तर रडकुंडीला येतो, घरी लेकरं वाट बघायलीत म्हणून. तिसरा परतीची गाडी विचारतच न्हाई."

"खरंय," सुकेशनी मॅडम सावरून बसल्या. "तिघांत हाच फरक. आमच्या कुणाच्या ध्यानात आला नाही."

व्यंकटराव मिशीतल्या मिशीत हसले. बायको असली कामाची आहे हे त्यांना इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं.

"म्हातारपणी तो ज्या घरातून निघाला," विमलाबाईंनी विचारलं, "तिथं कोण होतं?"

"ते लेखकानं गाळलंय," नागनाथ म्हणाले.

"हो. गाळलंय." त्यांनी पान उलटलं. "अन् ते बटण."

"ते तर फारच छान. पहिल्याच भेटीत ती मुलगी त्याच्या पांढऱ्या सदऱ्याचं तुटलेलं बटण लावून देते. घरात पांढरा दोरा नसतो म्हणून हिरव्यानं. असं सुचायला लागतं."

"आमचे हे मला पाहायला पेडगावला आले तवा पांढऱ्याच सदऱ्यात होते," विमलाबाई म्हणाल्या. "दुसरं बटण हिरव्या दोऱ्याचं. लग्नानंतर विचारलं, हे कुणी लावलं? म्हणाले, आईनं. तिला कमी दिसायचं."

व्यंकटरावांच्या मिशीतलं हसू तसंच राहून गेलं. थापा इतक्या झालेल्या, की त्यातली कोणती घरात मारली होती हे लिहिताना त्यांच्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

"सासूबाई मी पाहिल्या न्हाईत. लग्नाआधीच गेल्या. त्यांच्या हातचं घरात तेवढंच हाय, म्हणून तो सदरा मी जपला. दर दिवाळीला ऊन दाखवते. वैदेहीच्या लग्नात देवापाशी ठेवला अन् पोरीला म्हणलं, आजीच्या पाया पड."

"विमल, अगं ती—"

"नियम," नागनाथ सवयीनं बोलून गेले आणि लगेच खाली पाहायला लागले.

बाहेर एक रिक्षा थांबली, प्रवासी उतरला, रिक्षा गेली. शेवटी सुकेशनी मॅडमनी कागद गोळा केले आणि हळूच म्हटलं, "चर्चा संपली. लेखकांना आता बोलता येईल."

व्यंकटरावांनी घसा साफ केला. त्यांच्याकडं दरवेळी इतकं असायचं, की कुठून सुरू करावं हा प्रश्न पडायचा.

"कथा हाय ती, विमल," ते म्हणाले. "नुसती कल्पना."

विमलाबाई पायात चप्पल सरकवत होत्या.

"मग कल्पनेत तरी," त्या म्हणाल्या, "एकदा पेडगावला उतरायचं होतं."