शाल कोणाच्या अंगावर

दहावीच्या जुन्या वर्गाच्या स्नेहमेळाव्यात बाई 'सर्वांत यशस्वी विद्यार्थी' निवडणार होत्या. सत्काराची शाल वर्गातल्या पतकींनीच आणली होती. ती आपल्याच खांद्यावर पडणार याची त्यांना खात्री होती. कारखाने आणि लोणावळ्याचा बंगला सांगून ते ऐटीत खाली बसले, तोच मागून घोरणं ऐकू आलं.

श्रीखंडपुरी अंगावर येऊन वसंता ढोबळे सतरंजीवर डाव्या कुशीवर गाढ झोपला होता.

म्हाताऱ्या बाई काठी टेकत त्याच्यापाशी गेल्या. "वर्गातही हा असाच झोपायचा. मी बाकावर उभं करायची. चुकलंच माझं. शाल याला द्या."

झालं, शालीसाठी हॉलभर सगळेच आडवे झाले. वर्गातले एक डॉक्टर खोटं खोटं घोरू लागले. बाई काठीच्या टोकाने तळव्यांना गुदगुल्या करत, हसेल त्या एकेकाला नापास करत निघाल्या.

पतकींनी मुकाट्याने ढोबळेच्या अंगावर शाल घातली आणि शेजारी पडले. कित्येक वर्षांत झोपेच्या गोळीशिवाय त्यांचा डोळा लागला नव्हता.

"वसंता, शाल थोडी इकडे देतोस?"

ढोबळेने झोपेतच अर्धी शाल त्यांच्यावर टाकली.

बाईंची काठी पतकींच्या तळव्यावरून फिरली. "पास," बाई म्हणाल्या.

ते ऐकायला पतकी जागे नव्हते.