आईची नक्कल

त्या सकाळी दूध डेअरीच्या ओट्यावर कोंडिबाला कळलं, की वारलेल्या बायकोचा आवाज आता लेकीच्या तोंडातूनही गेला. मथुरा आईची हुबेहूब नक्कल करायची. डेअरीवाल्यानं हसत विचारलं, "मथे, दुधात पाणी हाय म्हटलं की तुझी आय काय म्हणायची गं?" एरवी पोर कमरेवर हात ठेवून कडाडायची, "दुष्काळात प्यायला पाणी न्हाय, दुधात कुठलं घालू?" आज मात्र "आठवंना," म्हणाली. फेफऱ्याच्या गोळ्यांनी झटके थांबले होते, पण तिचं डोकं सुस्तावलं होतं. घरी कोंडिबानं गोळी काढली आणि मुठीतच धरली. एक दिवस चुकवली तर? "द्या की, आबा." झटक्यात चुलीत पडून भाजलेला तळहात तिनं पुढं केला. त्यानं गोळी त्यावर ठेवली. बायकोचं भांडण लेकीकडून कितीदा ऐकलं होतं. बायकोची जेवायला बोलावणारी हाक मात्र लेकीच्या तोंडून ऐकायची राहिली.