पहिल्या शूचे पेढे

केतकीच्या पोटावरचा पट्टा सकाळपासून समोरच्या भिंतीवर चित्र दाखवत होता. आतल्या बाळाची वाढ खुंटली होती. मिळेल तेवढं रक्त ते मेंदूकडे वळवत होतं, त्यामुळे इवलीशी मूत्रपिंडं उपाशी होती. शू होत नव्हती, म्हणून भोवतालचं पाणीही आटत चाललं होतं. पट्टा ध्वनिलहरींनी बाळाला रक्त पुरवणाऱ्या वारेतल्या रक्तवाहिन्या हळूहळू रुंदावत होता. संध्याकाळपर्यंत शू झाली नाही, तर डॉक्टर सातव्या महिन्यातच बाळ बाहेर काढणार होते.

"सगळं वरच्या वॉर्डातच जिरतंय," सासरे दत्तोपंत म्हणाले. ते नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यातून निवृत्त झाले होते. "खाली दाबच नाही."

केतकी डोळे पुसत म्हणाली, "बाबा, पोट आहे ते माझं, नगरपालिका नाही."

"म्हणून तर आशा आहे."

चहाच्या वेळी भिंतीवरच्या मूत्रपिंडांत रक्तप्रवाहाच्या लाल रेघा उमटल्या. चहा निवला, पण कपाला कोणी हात लावला नाही. मग मूत्राशयाचा काळा ठिपका द्राक्षाएवढा फुगला आणि बघता बघता रिकामा झाला.

"आलं! पाणी आलं!" दत्तोपंत उभ्या नोकरीत ओरडले नव्हते एवढ्या जोरात ओरडले.

फोनवर डॉक्टरही हसल्या. "राहू दे आतच. आता घाई नाही."

तासाभरात दत्तोपंत पेढे घेऊन शेजारच्या कानिटकरकाकूंच्या दारात उभे होते.

"अगंबाई! मुलगा की मुलगी?"

"ते अजून आत आहे. शू झाली."

काकूंनी पेढा तोंडात टाकला. "आमच्या मुलांना यासाठी धपाटे मिळायचे हो," असं म्हणून त्यांनी दुसरा उचलला.