सासूची सुई

“सासूची सुई हाय ही. हिच्यात रोग म्हनतीस? चालती हो!” गोंदणाऱ्या ठमाबाईने शिबिरातला आपल्या रक्ताचा रिपोर्ट नर्सबाईच्या अंगावर भिरकावला. गोंदवून घ्यायला पालाबाहेर बसलेल्या बायकांनीही तोंडसुख घेतलं.

नर्सबाई हलली नाही. “आजी, तुमच्या रक्तात काविळीचे जंतू आहेत. एकीला टोचलेली सुई दुसरीला टोचली, की ते तिच्यातही जातात. कित्येक वर्षं कळत नाही. मग पोट फुगतं, डोळे पिवळे होतात.”

ठमाबाईने हातातल्या सुईकडे पाहिलं. तिची लेक अशीच गेली होती, पोट फुगून, डोळे पिवळे होऊन. करणी केली म्हणत ठमाबाईनेच पंचांपुढे आकांत मांडून शेजारच्या जनीला वस्तीतून हाकलून लावलं होतं. लेकीचे दोन्ही हात मात्र याच सुईने गोंदले होते.

“आज्ये, आता माझा नंबर,” लग्न ठरलेल्या नातीने हात पुढे केला.

ठमाबाईने त्या हातावर सणसणीत फटका मारला. “मागं घे, भवाने! या सुईला शिवलीस तर तंगडं मोडीन.”

मग ती नर्सबाईवर खेकसली, “उभी काय ऱ्हायलीस? हिच्या कपाळावर बी याच सुईचं गोंदन हाय, हिचं रगत तपास. आनि तुज्या दवाखान्यामागं ऱ्हाती, त्या जनीच्या दारात मला नेऊन सोड.”