चव्वेचाळिसावा शब्द

"नऊ," शाल्मली म्हणाली.

अनय सव्वादोन वर्षांचा झाला होता आणि त्याची वाढ कशी चाललीय ते पाहायला हेल्थ व्हिजिटर त्यांच्या एडिनबरातल्या फ्लॅटवर आली होती. मोराग तिचं नाव. मूल किती शब्द बोलतं, असा तिच्या फॉर्मवर प्रश्न होता. पन्नासच्या आसपास हवेत, फारच कमी असले तर स्पीच थेरपीला पाठवायचं. अनयचे नऊ. बॉल, बाय, ॲपल वगैरे. दोन भाषांनी मुलांचा गोंधळ उडतो, असं व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी ठोकून दिलं होतं. तेव्हापासून तीन आठवडे शाल्मलीने घरात मराठी बंद केली होती. भाजी करपली तरी बिचारी इंग्रजीत हळहळायची.

तेवढ्यात अनयने मोरागचा कोट ओढला. "भुर्र."

याचा अर्थ काय, मोरागने विचारलं. शाल्मली ओशाळली. तो काही खरा शब्द नव्हे, म्हणाली, बाहेर जायचं असलं की आमच्यात लहान मुलं असं म्हणतात.

"म्हणजे शब्दच की," मोराग म्हणाली आणि तिने कोरं पान काढलं. "आता राहिलेले सांगा."

मम्मं, गाई, बाऊ, चिऊ, हम्मा. शाल्मली आधी चाचरत, मग भराभर सांगत सुटली. मोराग एकेक शब्द तिच्याकडून दोनदा म्हणवून घेऊन लिहीत होती. 'बाळ'मधल्या 'ळ'पाशी तिची जीभ अडली, पण पठ्ठीने तो सोडला नाही. अशा बाईचं कौतुक करावं तेवढं थोडंच. शेवटी त्रेचाळीस भरले. थेरपी नको, तीन महिन्यांनी पुन्हा बघू, असं तिने फॉर्मवर लिहिलं.

"आणि शाल्मली, ज्या भाषेत तुम्हाला राग येतो, त्याच भाषेत त्याच्याशी बोला."

शाल्मलीचे डोळे भरून आले. पण मनात एक सल उरलाच होता, तोही तिने सांगून टाकला. अनय वडिलांना हाकच मारत नाही. रोज फोटो दाखवून 'डॅडी' म्हणायला शिकवते, हा ढिम्म.

दारात किल्ली फिरली. श्रीनिवास हॉस्पिटलमधून ड्युटी संपवून आला होता. अनय धावत सुटला.

"अहो! अहो!"

शाल्मली लाजून लाल झाली. एम. टेक. झालेली बाई, पण नवऱ्याला 'अहो'च म्हणायची. सगळी मराठी बंद केली, तेवढा एक शब्द बंद करायचं तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. पोरगा आपली नक्कल करतोय, एवढंच तिला वाटायचं.

"हा कुठला शब्द?" मोरागने पेन पुन्हा उघडलं.

शाल्मली समजावून सांगणार होती, पण तिची नजर दाराकडे गेली. श्रीनिवास बूटही न काढता दारातच खाली बसला होता, आणि अनय त्याच्या गळ्यात पडला होता.

"डॅडी," ती म्हणाली. "चव्वेचाळीस."