परातीतला भोवरा

मुलांनो, अंबडकडच्या एका शाळेची ओसरी डोळ्यांपुढे आणा. साल १९७३. समुद्राच्या धड्यासाठी सत्यशीलाने घरची परात आणि बौद्धवाड्याच्या आडातलं खारट पाणी आणलं होतं. गुरुजींनी परातीतलं पाणी छडीने गरगर फिरवलं आणि भोवऱ्यात नीळ टाकली. "समुद्रातले भोवरे कोसच्या कोस रुंद. आपलं पाणी, मीठ, ऊब पोटात धरून दूर जातात, बाहेरच्यात मिसळत नाहीत." "कधीच न्हाई मिसळत, गुरुजी?" सत्यशीलाने विचारलं. "मिसळतात की! भोवरा थकला की सगळं पाणी एकच." बघता बघता परात निळी झाली. मग माठही सगळ्यांचाच, असं वाटून सत्यशीला मधल्या सुटीत गडू घेऊन ओसरीवरच्या माठाकडे गेली. "ए, माठाला शिवू नको!" गुरुजी ओरडले. "ओंजळ धर, वरून ओततो." तिने ओंजळ धरली नाही. गडू परातीत बुडवला आणि खारट, निळं पाणी सरळ माठात ओतलं.